डोंगरवाटांवरचा वर्णभेद

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २०२६ सालासाठी विनाशुल्क प्रवेशाच्या दिवसांची यादी जाहीर केली, तेव्हा आधीच्या यादीतील दोन दिवस तिच्यातून गळाल्याचे लक्षात आले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्त जानेवारीत येणारी सुटी आणि गुलामगिरीच्या अंताचे स्मरण करणारा १९ जून, म्हणजेच ‘जूनटीन्थ’, हे ते दोन दिवस. नव्याने आलेल्या दिवसांत १४ जूनचा समावेश आहे. तो अमेरिकेचा ध्वजदिन आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा वाढदिवसही. प्रवेशशुल्काचे काही डॉलर वाचले काय अन् न वाचले काय, त्याने कोणाचे फारसे अडत नाही. मात्र कोणत्या दिवशी दार मोकळे ठेवायचे हे ठरवताना यजमान पाहुण्यांची निवडही करत असतो. अमेरिकेतील गिर्यारोहक, पदभ्रमण करणारे आणि पक्षिनिरीक्षक यांच्यात २०२० पासून जो वाद धुमसतो आहे, त्याचा गाभा नेमका हाच आहे. हे डोंगर, ही अरण्ये नक्की कोणाची?

‘डोंगर माणसामाणसांत भेद करत नाही’ हे गिर्यारोहकांचे आवडते वाक्य. ते खरेही आहे. कोसळणारी दरड कोणाचा वर्ण पाहत नाही. पण डोंगरापर्यंत नेणारा रस्ता, पायथ्याच्या गावातील मुक्काम, हातातील मार्गदर्शिका आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला सोबती हे सारे माणसांच्या जगातले असते. अमेरिकेच्या लोकसंख्येत गौरेतर समाजांचा वाटा सुमारे ४२ टक्के असताना राष्ट्रीय उद्यानांना भेट देणाऱ्यांत तो जेमतेम २३ टक्के असल्याचे उद्यान सेवेच्या आकडेवारीच्या आधारे तेथील माध्यमांनी २०२० मध्ये दाखवून दिले होते. यावर ठरलेले उत्तर असे की, त्या समाजांना भटकंतीची आवडच नाही. खर्च, अंतर, रजा ही कारणे त्यात जोडली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु कॅरोलिन फिनी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक फेसेस, व्हाइट स्पेसेस’ या ग्रंथात वेगळ्या कारणाकडे लक्ष वेधले. दक्षिणेकडील ज्या राज्यांत जमावाने कृष्णवर्णीयांना झाडांना लटकावून मारले, तेथील कुटुंबांच्या स्मृतीत रान म्हणजे विसाव्याची जागा नव्हे. निर्जन वाट एकाला मुक्त वाटते, तर दुसऱ्याला साक्षीदार नसलेली.

ही भीती हवेतून आलेली नाही. व्हर्जिनियातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यान १९३५ मध्ये स्थापन झाले आणि १९३९ मध्ये तेथे लुइस माउंटन या भागात ‘फक्त निग्रोंसाठी’ स्वतंत्र तळ उघडण्यात आला. केंद्र सरकारच्या मालकीच्या उद्यानात, केंद्र सरकारच्याच पाट्यांनिशी ही विभागणी १९५० च्या आसपासपर्यंत रेंगाळली. त्याच्याही आधी, १८५१ मध्ये, योसेमिटीच्या खोऱ्यात सशस्त्र पथक शिरले ते तेथील मूलनिवासींना हुसकावण्यासाठी. पुढे त्याच खोऱ्याची ‘मानवाचा स्पर्श न झालेले अरण्य’ म्हणून ख्याती झाली. कॅलिफोर्नियातील महाकाय रेडवूड वृक्ष वाचवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक मॅडिसन ग्रँट. त्यांनीच १९१६ मध्ये ‘द पासिंग ऑफ द ग्रेट रेस’ हे वंशश्रेष्ठत्वाचे पुस्तक लिहिले, ज्याची पुढे नाझी जर्मनीत वाहवा झाली. निसर्गरक्षण आणि वंशरक्षण या दोन कल्पना त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात होत्या.

आणि तरीही कृष्णवर्णीय माणसे या डोंगरांत नव्हतीच, असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. उद्यान सेवेची स्थापना होण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभी, योसेमिटी आणि सेक्वोया येथील जंगलांची राखण कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकड्यांनी केली. १९०३ मध्ये सेक्वोयाचे प्रभारी अधीक्षक होते कॅप्टन चार्ल्स यंग, आणि त्यांच्या सैनिकांनी बांधलेल्या रस्त्याने पर्यटकांच्या गाड्या प्रथमच तेथील महावृक्षांपर्यंत पोहोचल्या. चार्ल्स क्रेन्शॉ यांनी डेनाली हे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखर सर केले ते ९ जुलै १९६४ रोजी. नागरी हक्क कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी होऊन तेव्हा एकच आठवडा लोटला होता. हे यश मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी. गिर्यारोहणाच्या लोकप्रिय इतिहासात मात्र हे नाव अभावानेच आढळते.

हे सारे ठाऊक असलेली माणसे होतीच; ती बोलतही होती. पण ऐकले जाऊ लागले ते २०२० मध्ये. २३ फेब्रुवारी रोजी जॉर्जिया राज्यात धावण्यासाठी बाहेर पडलेल्या अहमद आर्बेरी या २५ वर्षांच्या तरुणाचा तिघा गोऱ्यांनी मोटारींतून पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घातल्या. दोन महिन्यांहून अधिक काळ कोणालाही अटक झाली नाही. चित्रफीत बाहेर आली आणि मग चक्रे फिरली. आर्बेरीच्या जन्मदिनी, ८ मे रोजी, देशभरातील हजारो धावपटू २.२३ मैल धावले. हा आकडा त्याच्या मृत्यूच्या तारखेचा. धावणे हा जगातील सर्वांत साधा, जवळजवळ फुकट खेळ. जोडे चढवावेत आणि निघावे. ‘घराबाहेर पडताना ओळखपत्र जवळ ठेवावे लागते, गडद रंगाची टोपी टाळावी लागते, अनोळखी वस्तीतून धावता येत नाही,’ असे कृष्णवर्णीय धावपटू सांगू लागले, तेव्हा त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे सराव करणाऱ्यांनाही ते नवे होते. तिघे मारेकरी पुढे हत्येच्या आणि नंतर वंशद्वेषी गुन्ह्याच्या खटल्यातही दोषी ठरले.

जॉर्ज फ्लॉइड यांचा मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला तो २५ मे हा दिवस. त्याच दिवशी सकाळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हे पक्षिनिरीक्षक दुर्बीण घेऊन फिरत होते. कुत्र्याला साखळी बांधा, असे त्यांनी एका महिलेला सांगितले. तसा तेथील नियमच होता. त्यावर ‘एक आफ्रिकी-अमेरिकी पुरुष जिवाला धोका निर्माण करतो आहे’ असा फोन तिने पोलिसांना केला. कूपर यांनी तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता. आठवडाभरात कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकांचा एक सप्ताह साजरा झाला, आणि तो पुढे दरवर्षी होत राहिला.

या दोन्ही घटनांत दोषी बाहेरचे होते. गिर्यारोहकांच्या वाट्याला आलेला प्रश्न अधिक अवघड होता, कारण त्यात बोट स्वतःकडेच वळवावे लागत होते. प्रस्तरारोहणात एक जुना रिवाज आहे. एखाद्या कड्यावरील मार्ग जो प्रथम चढेल, त्याने त्या मार्गाला नाव द्यायचे. हे नाव मार्गदर्शिकेत छापले जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ज्यांनी असे हजारो मार्ग खुले केले, ते बहुतांश गोरे तरुण पुरुष होते. त्यांच्या थट्टामस्करीतून नावे पडली. त्यांतील कित्येक कल्पक आहेत, काही नुसतीच चावट आहेत आणि काही छापण्याजोगी नाहीत. वायोमिंगमधील टेन स्लीप दरीतील एका कड्याला ‘स्लेव्हरी वॉल’, म्हणजे गुलामगिरीची भिंत, असे नाव होते आणि त्यावरील मार्गांची नावे त्याच विनोदाला धरून रचलेली होती. अन्यत्र कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत अश्लाघ्य शिवी मार्गाच्या नावात आढळे, कुठे कु क्लक्स क्लॅनचा उल्लेख, कुठे मूलनिवासी स्त्रियांचा अपमान.

दोराला स्वतःला बांधून घेताना सोबत्याला ‘आज कोणता मार्ग?’ असे विचारावे आणि उत्तरादाखल ती शिवी ऐकावी, या अनुभवाची कल्पना करण्यासाठी फार सहृदय असावे लागत नाही. तरीही आक्षेप घेणाऱ्यांना २०२० पूर्वी बहुधा एकच उत्तर मिळे. नाव देणाऱ्याचा तो हक्क आहे, इतिहासात ढवळाढवळ नको, आणि मुख्य म्हणजे डोंगरात राजकारण नको. २०२० च्या जूनमध्ये हे उत्तर अचानक अपुरे पडले. चढाईमार्गांच्या सर्वांत मोठ्या अमेरिकी माहितीसंग्रहाने आक्षेपार्ह नावे कळवण्याची सोय केली. एका नावाजलेल्या गिर्यारोहण मासिकाच्या प्रकाशकांनी, तरुणपणी आपणच एका मार्गाला वंशद्वेषी नाव दिल्याचे मान्य करून पद सोडले. अमेरिकन अल्पाइन क्लब ही १९०२ मधील संघटना, मार्गदर्शिकांचे प्रकाशक आणि मासिकांचे संपादक एकत्र बसले आणि नावे छापण्याचे निकष ठरवू लागले. ‘स्लेव्हरी वॉल’ हे नाव इतिहासजमा झाले.

या बदलाला झालेला विरोध सरसकट वंशद्वेषी होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. शिवी आणि रांगडा विनोद यांतील रेषा कोणी आखायची, हा प्रश्न रास्तच होता. काही ठिकाणी नाव कोणत्या अर्थाने दिले गेले हे न तपासता ते खोडले गेले, अशी तक्रारही झाली. दोर-बूट विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेल्या भावपूर्ण निवेदनांकडे संशयाने पाहणाऱ्यांत खुद्द कृष्णवर्णीय गिर्यारोहकही होते. निवेदनाला पैसे पडत नाहीत. परंतु ‘डोंगरात राजकारण नको’ हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. शेनँडोआतील पाटी कोणी लावली होती? योसेमिटीत सशस्त्र पथक कोणी धाडले होते? राजकारण डोंगरात आधीपासूनच वस्तीला होते. ज्यांना ते जाचत नव्हते, त्यांना ते दिसत नव्हते इतकेच. शिवाय आक्षेप घेणारी माणसे परकी नव्हती. त्याच कड्यांवर बोटे सोलून घेणारी, त्याच तळांवर राहणारी ती माणसे. बाहेरच्याला ‘तुम्हाला यातले काय कळते’ म्हणून गप्प करता येते; सोबत्याला नाही.

जुन्या संस्थांत हा संघर्ष अधिक गुंतागुंतीचा झाला. जॉन म्यूर यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या सिएरा क्लबने जुलै २०२० मध्ये आपल्या भूतकाळाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. कृष्णवर्णीय व मूलनिवासी यांच्याविषयी म्यूर यांनी केलेली हीन विधाने आणि पुढील काळात सभासदत्व देताना झालेली वर्णाधारित चाळणी, या दोन्हींचा उल्लेख कार्यकारी संचालक मायकेल ब्रून यांच्या निवेदनात होता. पण वर्षभरातच, ऑगस्ट २०२१ मध्ये, संस्थेच्याच काही संचालकांनी लेख लिहून म्यूर यांची बाजू मांडली. म्यूर यांचे विचार वयाबरोबर बदलत गेले, उत्तरायुष्यात त्यांनी समतेच्या बाजूने लिहिले, हा त्यांचा मुद्दा. या लेखकांत एरन मेर होते, संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. वंशद्वेषाविरुद्ध बोलणारे सगळे एका सुरात बोलतात, हा समज या एका उदाहरणाने मोडीत निघावा.

भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण हिमालयातले आहे. एव्हरेस्टवर १९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग दोघे पोहोचले. ब्रिटनने हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना ‘सर’ केले, तेनझिंग यांना जॉर्ज पदक दिले. त्यामागची कारणे आजही वादग्रस्त आहेत. दोन टोके मात्र सर्वांच्या नजरेस पडली. पुढे साठ वर्षांनीही शेर्पा हा मोहिमेच्या वृत्तान्तात बहुधा आडनावापुरताच उरत होता. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गाडले गेले आणि नेपाळ सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले. एका परदेशी गिर्यारोहकाकडून त्या हंगामात हजारो डॉलर घेतले जात होते. शेर्पांनी तळावर सभा घेतल्या, मागण्या लिहून दिल्या आणि दक्षिणेकडून चढण्यास नकार दिला. तो हंगाम जवळजवळ संपूर्ण वाया गेला. आपल्या पोटावर पाय देऊन बोलणे म्हणजे काय, ते त्या वसंतात दिसले. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये दहा नेपाळी गिर्यारोहकांनी हिवाळ्यातील के-टू प्रथमच सर केले, आणि वृत्तान्तात दहाही जणांची नावे आली.

या दोन धाग्यांची गाठ पडली ती मे २०२२ मध्ये. फिलिप हेंडरसन यांच्या नेतृत्वाखालील पथकातील सात जण १२ मे रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. सर्व सदस्य कृष्णवर्णीय असलेली ही पहिलीच मोहीम. त्याआधी या शिखरावर गेलेले कृष्णवर्णीय गिर्यारोहक दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येण्याइतकेच होते; दक्षिण आफ्रिकेचे सिबुसिसो व्हिलाने २००३ मध्ये आणि अमेरिकेच्या सोफिया डॅनेनबर्ग २००६ मध्ये, ही त्यांतील आरंभीची नावे. हेंडरसन यांनी यापूर्वी नेपाळमध्ये शेर्पांना तांत्रिक चढाईचे प्रशिक्षण दिलेले होते. २०१३ मध्ये डेनालीवर गेलेल्या आफ्रिकी-अमेरिकी पथकाला विजांच्या वादळामुळे शिखराखालून परतावे लागले होते, आणि त्यावर ‘तुमचे हे काम नव्हे’ अशा धाटणीची शेरेबाजी झाली होती. हवामानामुळे परतणाऱ्या गोऱ्या पथकाला डोंगरातला विवेक दाखवल्याबद्दल शाबासकी मिळते, ही विसंगती येथे नोंदवायला हवी.

ब्रिटनमध्ये प्रकरण अगदीच साध्या गोष्टीवरून पेटले. ‘मुस्लिम हायकर्स’ या गटाचे शंभराहून अधिक जण २०२१ च्या नाताळच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला गेले. फोटो प्रसिद्ध होताच शेरे सुरू झाले. इतक्या मोठ्या संख्येने चालणे म्हणजे वाटांची धूप, ही भटकंती नव्हे, यांना निसर्गाचे काय, वगैरे. धुपीचा मुद्दा घडीभर मान्य केला तरी शेकडोंच्या धर्मादाय पदयात्रा त्याच टेकड्यांवरून वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. तेव्हा मातीची एवढी काळजी कोणाला वाटली नव्हती. गटाचे संस्थापक हारून मोटा यांनी उत्तर म्हणून आणखी एका पदयात्रेची हाक दिली, आणि तिला अनेक वर्णांचे, धर्मांचे लोक आले. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, सरकारनेच नेमलेल्या ज्युलियन ग्लोव्हर समितीने राष्ट्रीय उद्याने प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गाच्या मंडळासारखी भासतात, असे निदान केले होते.

समाजाच्या आतून आलेल्या या दबावाचा अमेरिकी सरकारवरही परिणाम झाला. १९६० च्या हिवाळी ऑलिम्पिकचे यजमान असलेल्या ‘स्क्वॉ व्हॅली’ या स्कीइंग केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये, मूलनिवासी स्त्रियांसाठी शिवी ठरलेला तो शब्द टाकून ‘पॅलिसेड्स टाहो’ हे नाव घेतले. त्यापाठोपाठ गृहखात्याच्या तत्कालीन मंत्री डेब हालंड यांनी, ज्या स्वतः मूलनिवासी समाजातील, तोच शब्द असलेली सुमारे ६५० भौगोलिक नावे २०२२ मध्ये बदलली. कोलोरॅडोतील ‘माउंट इव्हान्स’चे २०२३ मध्ये ‘माउंट ब्लू स्काय’ झाले. १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडाच्या वेळी जॉन इव्हान्स त्या प्रदेशाचे गव्हर्नर होते. नावे हा क्षुल्लक विषय मानणाऱ्यांनी महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्येच. पत्ता सांगताना जात सांगावी लागणे काय असते, हे येथील कित्येकांना वेगळे समजावावे लागत नाही.

पण सरकारी शाईने लिहिलेले सरकारी शाईने खोडताही येते. डेनालीला २०१५ मध्ये परत मिळालेले मूळ नाव ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर येताच, काढून घेतले आणि ‘माउंट मॅकिन्ली’ पुन्हा आणले. भोवतीचे उद्यान मात्र अजून डेनाली याच नावाचे. त्याच वर्षी उद्यानांतील माहितीफलकांची छाननी सुरू झाली; अमेरिकी इतिहासाला कमीपणा आणणारे फलक दिसल्यास पर्यटकांनी कळवावे, अशा सूचना लागल्या. मोफत दिवसांची यादी ही या मालिकेतील पुढची कडी. गिर्यारोहकांनी स्वतः बदललेली नावे मात्र अशा आदेशांच्या कक्षेत येत नाहीत. ती मार्गदर्शिकेत असतात आणि मार्गदर्शिका सरकार छापत नाही.

या संदर्भात वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवरचे उदाहरण जुने आणि अधिक बोलके आहे. सपाट माळातून उठलेला हा दगडी सुळका प्रस्तरारोहकांना प्रिय, आणि लाकोटा व अन्य मूलनिवासी समाजांना पवित्र. जूनमध्ये त्यांचे धार्मिक विधी तेथे होतात. १९९५ पासून उद्यान सेवा गिर्यारोहकांना जूनमध्ये न चढण्याची विनंती करते. विनंतीच, बंदी नव्हे. व्यावसायिक वाटाड्यांवर घालू पाहिलेली बंदी न्यायालयात अडली. पहिल्या वर्षी जूनमधील चढाया एकदम घटल्या. पुढे नवी पिढी आली, विनंतीमागचे कारण सांगणारे कमी झाले आणि आकडा पुन्हा वाढू लागला. आता गिर्यारोहकांच्या संघटनाच जून जवळ आला की सभासदांना आठवण करून देतात. सुळक्याचे नाव बदलण्याचा प्रस्ताव अद्याप मान्य झालेला नाही. पायथ्याशी चढाईची नोंद करावी लागते, आणि जूनच्या पानावर किती नावे लिहिली जातील हे तेथे आलेला प्रत्येक जण स्वतःच ठरवतो.